टच-टेबलावर दुसऱ्याचं बोट पडलं की नकाशा उडतो: बिघाड नेमका कुठे शोधायचा

मोठ्या टच-टेबलावर काम करणाऱ्या प्रत्येकाकडे ही तक्रार कधी ना कधी येतेच. एकटा माणूस उभा असतो तोवर सगळं लोण्यासारखं चालतं. समोरून दुसरा येतो, बोट टेकवतो, आणि नकाशा हातभर बाजूला उडतो, भसकन मोठा होतो, नाहीतर गर्रकन फिरतो. पहिला माणूस दचकून हात काढून घेतो. विक्रेत्याला फोन केला की उत्तर ठरलेलं: ‘फ्रेम पुन्हा कॅलिब्रेट करा’, म्हणजे पडद्याभोवतीच्या स्पर्श ओळखणाऱ्या चौकटीची मोजणी पुन्हा जुळवून घ्या. कॅलिब्रेट केल्यावर दोन दिवस बरं वाटतं, कारण ते दोन दिवस गर्दी नसते. रविवार आला की पुन्हा तेच.

मी संग्रहालयांसाठी आणि प्रदर्शनांसाठी अशी टेबलं बसवतो. खालचं बहुतेक सगळं एका टेबलानं मला शिकवलं. ५५ इंची फुल एचडी पडदा, भोवती इन्फ्रारेड फ्रेम, आणि पडद्यावर जुलै २०२५मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांचा नकाशा. अकरा किल्ले महाराष्ट्रातले, उत्तरेला साल्हेर आणि दक्षिणेला सिंधुदुर्ग. बारावा जिंजी थेट तमिळनाडूत. म्हणजे राजगडाची माची दिसेल इतकं कुणी जवळ गेलं की जिंजी पडद्याबाहेर जाणारच. मी फोनवरचा नकाशा चालतो तसाच तो बांधला होता: एका बोटानं सरकवायचा, दोन बोटांनी मोठा करायचा. पहिल्याच शनिवारी सातवीचा वर्ग आला आणि टेबलाभोवती नुसता कल्लोळ झाला.

आधी बोटं दिसू द्या

कुठलाही आकडा बदलण्याआधी एक काम करा. टेबलाला जाणवणारा प्रत्येक स्पर्श पडद्यावर ठिपका म्हणून काढा. शेजारी त्याचा क्रमांक आणि तो किती सेकंद जिवंत आहे ते लिहा. जेश्चर, म्हणजे बोटांच्या हालचालींनी केलेल्या खुणा, ओळखण्याचा कोड मध्ये येऊ देऊ नका. ड्रायव्हरकडून, म्हणजे फ्रेम आणि संगणक यांना जोडणाऱ्या प्रोग्रामकडून, येतं ते जसंच्या तसं दाखवा. मग गर्दीच्या वेळी तासभर शेजारी उभं राहून नुसतं बघा.

बोट नसताना ठिपका दिसतो, तर दोष काचेच्या वर आहे: उजेड, कपडा, पाणी. ठिपका बोटाखाली बरोबर उमटतो पण मध्येच तुटतो किंवा भलतीच खिडकी उघडते, तर ऑपरेटिंग सिस्टीम नाहीतर ब्राउझर मध्ये हात घालतोय. ठिपके अगदी बरोबर, संख्याही बरोबर, आणि तरी नकाशा उडतो, तर चूक तुमच्या जेश्चरमध्ये आहे. आमच्याकडे तिन्ही होतं. पण सगळ्यात जास्त वेळ मी पहिल्यावर घालवला आणि खरं दुखणं तिसऱ्यात होतं.

काचेच्या वरचे दोष

इन्फ्रारेड फ्रेमला बोट कळत नाही. काचेच्या काही मिलिमीटर वर अदृश्य किरणांचं जाळं असतं. एका बाजूला दिवे, समोरच्या बाजूला सेन्सर. किरण अडला की फ्रेम म्हणते, स्पर्श झाला. अडवणारं काय आहे याच्याशी तिला देणंघेणं नसतं. नकाशाच्या मध्यावरचा किल्ला गाठायला एक बाई वाकल्या, तेव्हा त्यांच्या हातातल्या हिरव्या बांगड्या मनगटावरून घसरून बोटाच्या आधी काचेला टेकल्या. ठिपका उमटला बांगडीखाली, रुंद आणि लांबट. मग बोट टेकलं, दुसरा ठिपका आला. प्रोग्रामला वाटलं दोन बोटं आहेत, पिंच (दोन बोटांनी लहान-मोठं करणं) चालू आहे. पूर्ण बाहीचा शर्ट, पदर, ओढणी यांचंही तसंच. शाळेची मुलं टेबलावर ओणवी झाली की गळ्यातली आयकार्डं काचेवर लोळतात, आणि तीही फ्रेमला बोटंच वाटतात.

बहुतेक फ्रेम स्पर्शाची रुंदी आणि लांबीही पाठवतात. ती वापरा. माणसाचं बोट साधारण ८ ते १२ मिलिमीटरचा डाग उमटवतं. आमच्या टेबलावर एखादी बाजू २५ मिलिमीटरच्या वर गेली की त्या ठिपक्याला जेश्चरमध्ये धरत नाही. पण त्याला पूर्ण गप्पही बसवू नका. लहान मुलं अख्खा पंजा टेकवतात आणि काहीच झालं नाही की टेबल बंद पडलंय असं समजून निघून जातात. म्हणून पंज्याखाली एक मंद उजेडाचं वर्तुळ उमटतं, इतकंच. नकाशा हलत नाही, पण टेबलानं दखल घेतली हे मुलाला कळतं.

दुसरी गंमत वेळेची. तिथं साफसफाई बघणाऱ्या मावशी मला म्हणाल्या, “दादा, तुमचं टेबल रोज साडेचारला बिघडतं. आधी नाही, नंतर नाही.” मी लॉग, म्हणजे टेबलाच्या नोंदी, बघितला, मावशींचं खरं होतं. पश्चिमेच्या खिडकीतून उतरतं ऊन थेट फ्रेमच्या पट्टीवर येत होतं. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतो, आणि तिरपं ऊन सेन्सरच्या तोंडातच शिरतं. जाड पडदा लावला, काम झालं. छतावर जुने हॅलोजन दिवे असतील तर तेही बदलून एलईडी लावा, तेही तितकेच त्रास देतात. अशी नेमक्या वेळेची तक्रार आली की आधी खिडकी बघा, कोड नंतर.

फ्रेम किती स्पर्श एका वेळी झेलते तेही तपासा. १० स्पर्शांची फ्रेम दोघांना पुरते. टेबलाभोवती सहा मुलं दोन्ही हात टेकून उभी राहिली की अकराव्या बोटाचं काय होईल ते ड्रायव्हरच्या मर्जीवर. शिवाय एकामागे एक आलेली बोटं किरणांच्या आड येतात, मागचं बोट पुढच्याच्या सावलीत हरवतं. याला प्रोग्राममधून पुरता इलाज नाही. फ्रेम घेतानाच जास्त स्पर्शांची घ्या.

सिस्टीम मध्ये हात घालते ती जागा

विंडोज ११मध्ये तीन आणि चार बोटांची स्वतःची जेश्चर चालू असतात. दोन मुलांची मिळून चार बोटं एका दिशेनं सरकली की तुमचा नकाशा बाजूला आणि डेस्कटॉप समोर. सेटिंग्जमध्ये ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’, त्यात ‘टच’, तिथं ती बंद करा. कडेवरून आत ओढल्यावर येणारी पट्टी ग्रुप पॉलिसीतून बंद होते. ‘पेन अँड टच’मध्ये दाबून धरल्यावर राइट-क्लिक होण्याची सोयही काढून टाका, नाहीतर बोट टेकवून वाचत उभ्या असलेल्या माणसाखाली एक चौकोन उमटतो आणि मेनू उघडतो.

प्रदर्शन ब्राउझरमध्ये चालत असेल तर पूर्ण पृष्ठावर ‘टच-अ‍ॅक्शन’ हे सीएसएसमधलं सेटिंग ‘नन’ ठेवा. हे करायचं राहून गेलं की ब्राउझर काही स्पर्श स्वतःच्या स्क्रोलसाठी आणि झूमसाठी उचलतो आणि तुमच्या कोडला ‘पॉइंटर-अप’ (बोट उचललं) ऐवजी ‘पॉइंटर-कॅन्सल’ (हा स्पर्श आता तुमचा नाही) पाठवतो. इथंच एक चिवट दोष जन्माला येतो. तुमच्या कोडनं फक्त ‘अप’ ऐकलं आणि ‘कॅन्सल’ ऐकलंच नाही, तर ते बोट यादीत तसंच राहतं. माणूस घरी जातो, बोट टेबलावरच. यानंतर कुणीही एक बोट टेकवलं की प्रोग्राम ते या भुताच्या बोटाशी जोडतो आणि पिंच सुरू करतो. ‘सकाळी चांगलं चालतं, दुपारनंतर एका बोटानंही झूम होतं, बंद करून चालू केलं की बरं होतं’ अशी तक्रार असेल तर दहापैकी नऊ वेळा हेच असतं. ठिपक्याशेजारी वय लिहा म्हणालो ते यासाठीच: ४,००० सेकंद वयाचा ठिपका दिसला की चोर सापडला.

ट्यूओ (TUIO), म्हणजे स्पर्शांची माहिती एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडे पाठवायची पद्धत, वापरणाऱ्यांनी तर जास्तच जपायला हवं. ट्यूओ सहसा यूडीपीवरून, म्हणजे पोच न घेता माहिती धाडणाऱ्या नेटवर्क-पद्धतीनं, येतो आणि यूडीपीत एखादं पाकीट हरवू शकतं. म्हणून त्यात ‘अलाइव्ह’ संदेश आहे, त्या क्षणी जिवंत असलेल्या सगळ्या स्पर्शांची यादी. आपली यादी दर वेळी तिच्याशी ताडून घ्या; तिच्यात नसलेलं बोट ताबडतोब काढा.

खरं दुखणं

आता नकाशा उडण्याकडे. आमच्या टेबलाची रुंदी सुमारे १२२ सेंटिमीटर. एक मुलगा डाव्या कडेपासून २० सेंटिमीटरवर बोट टेकवून नकाशा सरकवतोय. समोरच्या बाजूनं एक आजोबा १०० सेंटिमीटरवर बोट टेकवतात. बहुतेक तयार कोड काय करतो? सगळ्या बोटांचा मध्यबिंदू काढतो आणि नकाशा त्या मध्यबिंदूमागे नेतो. एक बोट होतं तेव्हा मध्यबिंदू २०वर होता. दोन झाली तेव्हा ६०वर गेला. कुणी बोट तसूभरही हलवलेलं नाही, आणि नकाशा ४० सेंटिमीटर उडाला. आजोबांनी हात उचलला की तेवढाच परत. लोक याला ‘टेबल झटके देतं’ म्हणतात. झटका कुठलाच नाही, नुसती बेरीज-भागाकार आहे.

तातडीची दुरुस्ती सोपी आहे. बोटांची संख्या बदलली, एक वाढलं किंवा कमी झालं, की त्या क्षणी नकाशा जिथं आहे तिथंच धरून सगळी मोजणी नव्यानं सुरू करा. जुना मध्यबिंदू विसरायचा, नवा हाच आता शून्य. दहा-बारा ओळींचं काम. आधी हे करा, निम्म्या तक्रारी इथंच थांबतील.

निम्म्या राहतील, कारण मूळ प्रश्न वेगळा आहे: ही दोन बोटं एकाच माणसाची आहेत का? फोनला हा प्रश्न कधी पडत नाही. फोन एकाच्या हातात असतो, त्यामुळे दोन बोटं म्हणजे एकाच हाताची, हे गृहीत धरून त्याची सगळी जेश्चर घडलेली आहेत. टेबलावर ते गृहीतकच कोसळतं. मिट्सुबिशीच्या अमेरिकेतल्या संशोधन प्रयोगशाळेनं २००१मध्ये ‘डायमंडटच’ नावाचं टेबल मांडलं होतं. त्यात टेबलातून निघालेला बारीक विद्युतसंकेत माणसाच्या शरीरातून त्याच्या खुर्चीत जायचा, त्यामुळे कुठलं बोट कुठल्या खुर्चीवरच्या माणसाचं हे यंत्राला कळायचं. त्यासाठी माणूस ठरलेल्या खुर्चीवर बसायला हवा. संग्रहालयात कोण बसतंय? २००७मध्ये जाहीर झालेलं मायक्रोसॉफ्टचं ‘सरफेस’ टेबल खालून पाच इन्फ्रारेड कॅमेऱ्यांनी बघायचं. त्याला टेकलेल्या हाताचा आकार दिसायचा, पण हात कुणाचा ते कळण्याची सोय त्यातही नव्हती. आपल्या फ्रेमला तर आकारही धड दिसत नाही.

मी आधी अंतरावर भागवायचा प्रयत्न केला. एका पंज्याची वीत साधारण २० सेंटिमीटर, म्हणून त्याहून लांबची बोटं एकमेकांशी जोडायची नाहीत. मुलगा आणि आजोबा वेगळे झाले. पण दोन्ही हातांनी चादर पसरावी तसा नकाशा पसरणारी माणसं अडली, आणि खेटून उभ्या राहिलेल्या दोन मैत्रिणी पुन्हा एकात एक गुंतल्या. अंतराचा नियम ठेवा, उपयोगी आहे. त्याच्यावरच विसंबू मात्र नका.

शेवटी कळलं की बोट कुणाचं हे विचारूच नये. बोट कशावर टेकलं ते विचारावं.

आता आमचा नकाशा हलत नाही. १२ किल्ले, जिंजीसकट, कायम जागेवर. किल्ल्यावर बोट टेकवलं की तिथून थाळीएवढं एक गोल भिंग बाहेर येतं आणि त्यात त्या किल्ल्याचा जवळून नकाशा दिसतो. सरकवा, मोठा करा, फिरवा, जे होईल ते त्या भिंगात. ज्या बोटाची सुरुवात त्या भिंगावर झाली तेच बोट त्या भिंगाचं, पुढे ते कुठंही गेलं तरी. भिंगाबाहेर सुरू झालेलं बोट त्या भिंगाला हात लावू शकत नाही. एकाच वेळी मुलगा रायगड बघतो, आजोबा पन्हाळा बघतात, आणि दोघांना एकमेकांची बाधा होत नाही. अख्ख्या पडद्यावर चालणारं एकही जेश्चर सार्वजनिक टेबलावर नको. माझं हे मत आता पक्कं आहे, आणि ग्राहकानं ‘फोनसारखं नाही वाटत’ म्हटलं तरी मी त्यावर अडून बसतो.

उरलेल्या बारीक खोडी

टॅप (नुसतं टेकवणं) आणि ड्रॅग (टेकवून ओढणं) यांतला फरक पिक्सेलमध्ये लिहिला असेल तर तो मिलिमीटरमध्ये लिहा. अँड्रॉइडमध्ये बोट ८ डीपी (पडद्यावरचं अंतर मोजायचं अँड्रॉइडचं एकक), म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास, सरकलं की ड्रॅग धरतात. फोन हातात धरलेला असतो, तिथं ते चालतं. टेबलावर माणूस लांब हात करून, उभ्यानं, तिरप्या बोटानं टेकवतो आणि बोट टेकता टेकताच लोळतं. ‘बटण दाबलं तरी दाबलं जात नाही’ ही तक्रार इथून येते. आमच्याकडे ५ मिलिमीटर जमले. पिक्सेलचा घोळ असा की १० पिक्सेल म्हणजे ५५ इंची फुल एचडीवर सव्वासहा मिलिमीटर, आणि तेवढ्याच आकाराच्या ४के पडद्यावर तीनाच्या थोडं वर. पडदा बदलला की तोच कोड वेगळा वागायला लागतो आणि दोष पडद्याला जातो.

भिंग मोठं करताना थरथरत फिरत असेल तर भूमितीच तशी आहे. दोन बोटं ३० मिलिमीटर अंतरावर असतील आणि फ्रेमच्या मोजणीत एका बोटाला १ मिलिमीटरची चूक असेल, तर कोन जवळपास २ अंशांनी हलतो. बोटं १०० मिलिमीटरवर गेली की तीच चूक अर्ध्या अंशाच्या थोडी वर. म्हणून फिरवणं लगेच सुरू करू नका. माणसानं मुद्दाम १५ अंश वळवल्यावरच ते उघडा, आणि उघडताना ते १५ अंश एकदम लावू नका. तिथपासून पुढचं मोजा, नाहीतर पुन्हा झटका.

‘पुढचं चित्र बघायला डावीकडे सरकवा’ हे टेबलावर कुणाच्या डावीकडे? समोरासमोर उभ्या असलेल्या दोघांचं डावं-उजवं उलट असतं. वर-खालीही तसंच. दिशेचं कुठलंही जेश्चर भिंगाच्या स्वतःच्या दिशेप्रमाणे मोजा, आणि भिंग उघडताना ते जवळच्या कडेकडे तोंड करून उघडा. तिथं उभ्या असलेल्या माणसाला अक्षरं सुलट दिसतात, मान वाकडी करावी लागत नाही.

आणि बोटांच्या संख्येला अर्थ देऊ नका: तीन बोटं म्हणजे पुसणं, चार म्हणजे मुख्य पान, असं. २००९मध्ये वोब्रॉक, मॉरिस आणि विल्सन या संशोधकांनी २० सामान्य माणसांना २७ कामं दाखवली आणि विचारलं, यासाठी तुम्ही कोणती खूण कराल, एकदा एका हातानं आणि एकदा दोन्ही हातांनी? एक हजार ऐंशी खुणा जमल्या. त्यातून दिसलं की लोक किती बोटं टेकवतो याचा फारसा विचारच करत नाहीत, आणि जमेल तिथं एका हातानं भागवतात. त्याहून मला जास्त लागलं ते हे: त्या जाणत्या संशोधकांनी स्वतः सुचवलेल्या खुणा लोकांच्या खुणांच्या जेमतेम ६० टक्क्यांपर्यंत पोचल्या. मी ऑफिसात एकट्यानं बसून ठरवलेली जेश्चर सातवीच्या वर्गापुढे का टिकली नाहीत, ते तेव्हा कळलं. तेव्हापासून नवं जेश्चर बांधण्याआधी मी कागदावर किल्ला काढून टेबलावर ठेवतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतो, हा मोठा करून दाखवा बघू. पाच-सहा जणांचे हात बघितले की बरंच उमगतं. बहुतेक जण आधी एकाच बोटानं दोनदा टकटक करतात. म्हणून आमच्या भिंगात तेही चालतं.

एक तक्रार अजून बाकी होती, मावशींचीच. संध्याकाळी त्या ओल्या फडक्यानं काच पुसायच्या आणि फडक्याखाली वीस भिंगं उघडायची, बंद व्हायची, एकमेकांवर चढायची. त्यांना वाटायचं आपल्या हातून काही मोडलं. कोपऱ्यात बोट दाबून धरायची सोय करून बघितली, पण फडकं कोपऱ्यातही जातंच. मग टेबलाच्या खालच्या बाजूला, मावशींच्या हाताला सापडेल अशा जागी, दिव्याचं असतं तसं साधं बटण बसवलं. दाबलं की नकाशा मंद होतो आणि दोन मिनिटं टेबल कुठलाच स्पर्श धरत नाही. काच कोरडी झाली नसेल तर त्या पुन्हा एकदा दाबतात.